नर नाही, तरी अंडं कसं?

पिंजऱ्यात एकच पक्षी. जोडी कधी लावली नाही, घरट्यासाठी मडकं कधी टांगलं नाही. आणि एका सकाळी ट्रेमधल्या कागदावर लहान बोराएवढं पांढरंशुभ्र अंडं पडलेलं. मग घरात दोन तट पडतात. मुलं पिल्लांची नावं ठरवायला घेतात आणि मोठी माणसं गुपचूप मोबाईलवर शोधायला लागतात, हे झालं कसं? अंड्यांचा दुसरा हप्ता, म्हणजे एका खेपेला घातलेली सगळी अंडी, आला, तिसरा आला, मादी फुगून कोपऱ्यात बसायला लागली की प्रश्न बदलतो: हे थांबवायचं कसं?

आधी कोणाबद्दल बोलतोय ते सांगतो. आपल्याकडे दुकानात सरसकट 'लव्हबर्ड' म्हणून जे रंगीत, लांब शेपटीचे पक्षी विकतात ते बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजे बजी असतात. मूळ ऑस्ट्रेलियाचे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि मिरचीसारखा तिखट. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका असलेला कॉकटेल पुन्हा ऑस्ट्रेलियाचा, आणि लाल चोचीचा चिमुकला झेब्रा फिंचही तिकडचाच. घरोघरी दिसतात ते हे चार, म्हणून लेखही या चौघांपुरता.

अंडं तयार होतं ते असं

पक्ष्यांच्या मादीत साधारणपणे डाव्या बाजूचा एकच अंडाशय कामाचा असतो. त्यात लहानमोठ्या बलकांचा घोस असतो. त्यातला एक बलक पिकला की सुटतो आणि अंडनळीत पडतो. नळीतून खाली सरकताना त्याभोवती पांढरं चढतं, मग पातळ पापुद्रे, आणि शेवटी कवच. कोंबडीत हा सगळा प्रवास साधारण पंचवीस तासांचा, आणि त्यातले वीसेक तास एकट्या कवचालाच लागतात. झेब्रा फिंच रोज एक अंडं घालते. बजी आणि कॉकटेल बहुतेक दिवसाआड.

नराचं काम या प्रवासाच्या अगदी तोंडाशी असतं. पांढरं चढायच्या आत बलकाची शुक्राणूशी गाठ पडली तर अंडं फलित होतं. नाही पडली तरी नळी थांबत नाही, पुढची सगळी कामं तशीच होतात. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो, तरी रोज अंडी निघतातच. तुमच्या बजीने घातलं ते याच जातीचं अंडं. त्यातून पिल्लू येणार नाही, कितीही उबवलं तरी.

उलटही होतं. नराला आज वेगळं केलं म्हणून उद्याचं अंडं रिकामंच निघेल, असं नाही. मादीच्या नळीत शुक्राणू काही दिवस साठून राहतात. 'नर तर आठवड्यापूर्वीच दिला, मग पिल्लू कुठून?' याचं उत्तर यात आहे.

दोन वर्षं 'राजा' म्हणून हाक मारलेल्या पक्ष्याने अंडं दिलं, असंही पुष्कळ घरांत घडतं. मोठ्या बजीत चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीचा मऊ पट्टा बघा. नराचा बहुधा निळा असतो, मादीचा फिकट, आणि अंड्यावर आली की तपकिरी, खरखरीत. काही रंगांच्या जातींत ही खूण फसते. पांढऱ्या-पिवळ्या पक्ष्यांत तर हमखास. लव्हबर्डमध्ये नर-मादी नुसतं पाहून ओळखूच येत नाहीत. दोन माद्यांची गाढ मैत्री बघून लोक जोडी समजतात, आणि मग एका घरट्यात आठ-दहा अंडी दिसतात, सगळी रिकामी.

शरीराला कोण सांगतं, 'आता घाल'?

मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर पाऊस कधी येईल याचा नेम नाही. तिथले बजी आणि झेब्रा फिंच थव्याने भटकत राहतात आणि पाऊस पडून गवताला दाणा धरला की लगेच घरट्याला लागतात. महिना कुठला, याला फार किंमत नाही. आपला शेतकरी पेरणीआधी पाऊस बघतो, वाफसा बघतो, घरात बियाणं आहे का बघतो, आणि सगळं जुळलं की तिफण बाहेर काढतो. या पक्ष्यांचं शरीरही तसंच चारपाच गोष्टींची खातरजमा करतं: पोटभर आणि सत्त्वाचं अन्न, पाणी, लांब दिवस, लपायला अंधारी पोकळी, आणि जोडीदार. हिशेब जुळला की मेंदूतून हार्मोन सुटतात आणि बलक पिकायला लागतात.

आता तुमच्या हॉलमधला पिंजरा बघा. वाटी बाराही महिने भरलेली. पाणी रोज ताजं. ट्यूबलाइट रात्री साडेअकरापर्यंत, त्यापुढे टीव्हीचा उजेड. कोपऱ्यात 'झोपायला' म्हणून टांगलेलं मडकं. ऑस्ट्रेलियात चारपाच वर्षांतून एकदा यावा असा सुकाळ इथे रोज आहे. मग मादीच्या शरीराने पेरणी लांबवायची कशासाठी?

जोडीदाराच्या बाबतीत पक्षी फार चोखंदळ नसतात. आरसा चालतो, प्लॅस्टिकचा खोटा पक्षी चालतो, माणूसही चालतो. बजीवर १९६०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं की नराची गुणगुण नुसती कानावर पडली तरी मादीचा अंडाशय वाढीला लागतो. नर समोर असायची गरज नाही. एकट्या बजीला करमावं म्हणून मोबाईलवर तासन् तास बजीच्या किलबिलाटाचे व्हिडिओ लावून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. शेजारच्या गॅलरीतला नरही हेच काम फुकटात करतो.

चौघांचा स्वभाव अगदी एक नाही. झेब्रा फिंच आणि बजी अन्नपाण्याकडे जास्त बघतात, कॉकटेलवर दिवसाच्या लांबीचा परिणाम मोठा. पीच-फेस जातीच्या लव्हबर्डची मादी तर हातात कागद मिळाला की कामाला लागते. वर्तमानपत्राच्या कडेला चोच लावून, शिवणयंत्राची टीप घालावी तशी बारीक छिद्रं पाडत जाते, बोटभर लांबीची एकसारखी पट्टी सोडवते, आणि मान मागे वळवून ती कमरेच्या पिसांत खोचते. अशा चारसहा पट्ट्या खोचून घरट्याकडे उडते. निम्म्या वाटेत गळून पडतात, तिला त्याचं काही नाही. बघायला फार गोड. पण तुम्हाला अंडी नको असतील तर पहिला इशारा हाच, आणि ट्रेमधला कागद जाळीखाली सरकवायची वेळही हीच.

अंडं घातलं म्हणजे पक्षी खूश आहे ना?

हा समज दुकानदारापासून आजीपर्यंत सगळ्यांचा. 'जागा मानवली, म्हणून अंडी दिली.' अर्धं खरं आहे. उपाशी, आजारी, घाबरलेली मादी सहसा अंडी घालत नाही. पण पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यात कोंबलेली कोंबडीही रोज घालते, आणि तिला खूश म्हणायला कुणी धजावणार नाही. शरीराने हिशेब जुळवला, एवढाच अंड्याचा अर्थ.

आणि त्या हिशेबाची किंमत मोठी आहे. बजीचं वजन तीस-चाळीस ग्रॅम. एक अंडं दोन ग्रॅमच्या वर. पाच अंड्यांचा एक हप्ता म्हणजे स्वतःच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा, दहा दिवसांत बाहेर. कवच जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेटचं. अंड्यावर येण्याआधी मादी हाडांच्या पोकळीत कॅल्शियमची खास गंगाजळी साठवते आणि रोज रात्री त्यातून काढते. खाण्यातून भरणा झाला नाही तर गंगाजळी संपते आणि मग हाडंच झिजतात.

भरणा होतो का? बहुतेक घरांत नाही. राळा, बाजरी, वर सूर्यफुलाच्या बिया हा आपल्याकडचा ठरलेला खुराक. या धान्यांत कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे असलेलं कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही. सूर्यफुलात चरबी जास्त. धान्यांत अपवाद एकच, आपली नाचणी: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, राळ्याच्या कितीतरी पट. बजी ती खातात, सवय लावावी लागते. जोडीला शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी. पालक मात्र फसवा. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. पिंजऱ्याला समुद्रफेसाचा (माकुळाचं हाड, कटलबोन) तुकडा कायम अडकवलेला हवा. तो स्वस्त असतो, पक्षी हवं तेव्हा कुरतडतो, नको तेव्हा सोडून देतो.

एक दुवा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते शरीरात तयार व्हायला कोवळं ऊन थेट अंगावर पडावं लागतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात त्याला लागणारे किरण गाळले जातात. काचेआड ठेवलेल्या पिंजऱ्याला ऊन दिसतं, लागत नाही. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं पिंजरा गॅलरीत, अर्धा सावलीत ठेवून, आणि तेवढा वेळ तुम्ही शेजारी. कावळे आणि मांजरं वेळापत्रक पाळत नाहीत.

अंडी उचलून टाकली की संपलं?

इथेच बहुतेक लोक उलट करतात. अंडं दिसलं की काढून टाकतात, आणि चार दिवसांनी पुन्हा नवीन.

कोंबडी खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते, हे गावाकडे सगळ्यांना माहीत आहे. खुडूक झाली की तिची अंडी थांबतात. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श होत राहिला की 'पुरेशी झाली, आता बसायचं' असा निरोप मेंदूला जातो आणि नवीन बलक पिकणं बंद होतं. अंडी रोज उचलली तर तो निरोप पोचतच नाही. साप किंवा घोरपड घरटं लुटते तेव्हा मादी भरपाई करते, तशी ती तुमच्यासाठीही करत राहते. कॉकटेलमध्ये हे इतकं ठळक आहे की रोज उचलत गेलात तर अंड्यांची रांग थांबत नाही.

म्हणून रिकामी अंडी काढू नका. राहू द्या. मादी त्यांच्यावर बसेल, बजी अठरा दिवसांच्या आसपास, कॉकटेल अठरा ते एकवीस, लव्हबर्ड बावीस-तेवीस, फिंच बारा ते चौदा. ठरलेला काळ उलटून काहीच होत नाही म्हटल्यावर ती कंटाळून उठते. मग सगळी एकदम उचला. अंडं फुटलं, तडा गेला तर तेवढंच काढा आणि त्या जागी तेवढ्याच आकाराचं प्लॅस्टिकचं किंवा लाकडी ठेवा. अशी खोटी अंडी पक्ष्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात.

जोडी असेल आणि पिल्लं नको असतील तर अंडं घातल्या दिवशीच खोटं ठेवून खरं काढायचं. किंवा खरंच अंडं उकळून, पूर्ण गार करून परत ठेवायचं. हे करताना पाप लागेल का, असं हमखास विचारलं जातं, आणि प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वस्तुस्थिती अशी: ताज्या फलित अंड्यात वाढ जवळपास थांबलेली असते. ऊब मिळाली तरच ती पुढे सरकते. मादी बसायला लागल्यावर पाचसहा दिवसांनी अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च अंड्याखाली धरलात तर फलित अंड्यात लाल धाग्यांचं जाळं दिसतं आणि मधोमध धडधडणारा ठिपका. रिकामं अंडं नुसतं पिवळट, दिव्यासारखं उजळतं. जाळं दिसल्यावर अंडं काढणं मलाही पटत नाही. म्हणून ठरवायचं ते पहिल्याच दिवशी ठरवावं.

रांग थांबवायची तर

औषधाआधी पिंजरा बदला. सर्वांत पहिलं, मडकं काढा. खोकं, झोपण्याचा तंबू, नारळाची करवंटी, आत शिरता येईल असं काहीही. 'मग झोपेल कुठे?' काडीवर. बजी आणि कॉकटेल जंगलातही विणीचा काळ सोडला तर फांदीवरच झोपतात. घरात मोकळी फिरणारी कॉकटेल असेल तर सोफ्याखालची फट, कपाटामागची जागा, पुस्तकांच्या रांगेमागचा अंधार या सगळ्या तिच्या हिशेबी ढोल्याच आहेत. अंडं तिथे आधीच असेल तर मात्र त्याला हात लावू नका, वर सांगितल्याप्रमाणे बसून होऊ द्या आणि मग जागा बंद करा.

दुसरं, उजेड. दिवसातला उजेड दहा तासांच्या आत आणा. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ पिंजरा शांत खोलीत, वर गडद सुती कापड, हवा खेळती ठेवून. वन रूम किचनमध्ये हे अवघड आहे, कबूल. तरी कापड आणि टीव्हीकडे पाठ, एवढ्यानेही फरक पडतो. दोनतीन आठवडे नेमाने करावं लागतं. एक दिवस झाकून दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी रात्री बारापर्यंत दिवा, असं केलं की सगळं पाण्यात.

तिसरं, खाणं. उपाशी ठेवायचं नाही. इतका लहान पक्षी एका दिवसाच्या उपाशीपणानेही दगावू शकतो. फक्त श्रीमंती कमी करायची. सूर्यफूल, उकडलेलं अंडं आणि टोस्टचा चुरा, मोड आलेलं धान्य, मऊ भात, हे सगळं शरीराला 'सुकाळ आला' म्हणून सांगतं. ते बंद. साधं धान्य मोजून सकाळ-संध्याकाळ, आणि पालेभाजी. कॅल्शियम मात्र कमी करायचं नाही. 'कॅल्शियम दिलं की जास्त अंडी घालते' हा समज साफ चुकीचा आहे आणि धोक्याचा आहे.

चौथं जरा अवघड वाटेल. माणसाळलेल्या पक्ष्याच्या पाठीवरून, पंखाखालून, शेपटीजवळून हात फिरवणं म्हणजे त्याच्या भाषेत मीलनाचं निमंत्रण. तुम्ही लाड करता, तिचं शरीर वेगळाच अर्थ काढतं. ती पाठ खोलगट करून शेपूट वर उचलते, हळू किकाटते, तेव्हा समजायचं. डोकं आणि मान, एवढंच खाजवायचं. आरसा काढायचा, खोटा पक्षी काढायचा. पिंजऱ्याची जागा, काड्या, खेळणी बदलायची. थोडं बावचळलेलं पाखरू अंड्याला बसत नाही.

इतकं करूनही वर्षात तीन-चार हप्ते होत असतील तर पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा. हार्मोनचा परिणाम काही आठवडे ते काही महिने दाबून ठेवणारं इंजेक्शन किंवा त्वचेखाली बसवायची तांदळाच्या दाण्याएवढी गोळी देता येते. कुत्र्या-मांजरांसारखी नसबंदी पक्ष्यांत सोपी नाही. अंडाशय मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेला असतो, त्यामुळे फार तर नळी काढतात, आणि तीही शेवटचा उपाय म्हणून.

'पण हे निसर्गाविरुद्ध नाही का?'

बाराही महिने भरलेली वाटी, रात्रीचा दिवा आणि हाताशी मडकं, यात निसर्ग कुठे होता? जंगलातली मादी दुष्काळात महिनोन् महिने घालत नाही, आणि तिचं काही बिघडत नाही. तो विसावा परत देणं, एवढंच आपण करतोय.

'मग नर आणून देऊ का, तिला सोबत होईल?' सोबत जरूर द्या, पण अंडी थांबतील म्हणून नव्हे. नर आला की अंडी वाढतात, आणि आता फलित. सोबतच हवी असेल तर शांत स्वभावाची दुसरी बजी पुरते. दोन बजी माद्या मडकं नसेल तर बऱ्यापैकी नांदतात. लव्हबर्डच्या दोन माद्या, मी तरी सुचवणार नाही.

अंडं अडकलं तर

या लेखातला एवढा भाग तरी घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या. नळीत तयार झालेलं अंडं बाहेर येत नाही, असं कधी कधी होतं. कारणं तीच: कॅल्शियम कमी, मादी फार लहान किंवा लठ्ठ, पाठोपाठचे हप्ते, कडाक्याची थंडी. कॅल्शियम नसेल तर कवच मऊ राहतंच, शिवाय ते ढकलणाऱ्या स्नायूंनाही जोर राहत नाही.

मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते. पाय फाकलेले, श्वासागणिक शेपूट खालीवर, मधूनच जोर करते. शीट थांबते. अंड्याचा दाब नसेवर आला तर एक पाय लुळा पडतो, आणि घरचे म्हणतात पाय मुरगळला. खुडूक बसलेली निरोगी मादीही बराच वेळ शीट रोखून धरते आणि मग एकदम मोठी, वास मारणारी टाकते. पण ती घरट्यात असते, डोळे तरतरीत असतात आणि हात नेला तर चावायला येते. तळाशी बसलेली, डोळे मिटणारी मादी म्हणजे तातडीची वेळ. उद्या बघू, असं म्हणायचं नाही.

डॉक्टरांकडे नेईपर्यंत एकच काम, ऊब. लहान खोक्यात किंवा पिंजऱ्यात, एका बाजूने पिवळा बल्ब बाहेरून लावा, आत तीस अंशांच्या आसपास, आणि फार गरम झालं तर तिला सरकता येईल अशी दुसरी बाजू मोकळी. जवळ पाण्याची वाटी. पोट दाबायचं नाही. अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारा नळी फाडतात. मागून तेल सोडायचा घरगुती उपायही नको; नुसती पिसं माखतात आणि पक्षी गारठतो. डॉक्टर एक्स-रे काढतात, कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, आणि वेळेत गेलात तर बऱ्याचदा एवढ्यावर सुटका होते.

डॉक्टर मात्र अंडं अडकायच्या आधीच शोधून ठेवा. गल्लीतला कुत्र्यांचा डॉक्टर पस्तीस ग्रॅमचा रुग्ण हाताळेलच असं नाही. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. इतर शहरांत पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना हा पहिला पत्ता.

पिल्लं हवीच असतील तर

मग सगळे नियम उलटे फिरवायचे, पण थोडे दिवस. बजी चार महिन्यांचीही अंड्यावर येते, म्हणून लगेच जोडी लावायची नसते. वर्षाची होऊ द्या. कॉकटेल दीड वर्षाची. वर्षात दोन हप्ते, बस. विदर्भात मे महिन्यात ४४-४५ अंशांत मडक्यातली अंडी उबत नाहीत, भाजतात. कोकणात पावसाळी दमटपणात मडक्याला बुरशी आणि किडे धरतात. पावसाळा सरल्यावर मडकं टांगायचं आणि उन्हाळा तापायच्या आत उतरवायचं, हे आपल्या हवेला धरून आहे.

मोठ्या पिंजऱ्यात चारपाच जोड्या असतील तर मडकी जोड्यांहून जास्त, निदान दीडपट, आणि सगळी एकाच उंचीवर, एकाच दिवशी टांगलेली. एक मडकं वर राहिलं की सगळ्या माद्यांना तेच हवं असतं. बजीच्या माद्या घरट्यासाठी रक्त काढेपर्यंत भांडतात, दुसरीची अंडी फोडतात, पिल्लं मारतात. जोडी नसलेली एक जास्तीची मादी सबंध पिंजरा उधळून लावते. संशय आला की तिला वेगळं करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

मडक्याच्या गुळगुळीत तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि तसेच वाढतात, म्हणून तळाशी लाकडाचा स्वच्छ भुसा घाला. बजी पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसते, त्यामुळे पिल्लं दिवसाआड फुटतात. पाचव्याचे डोळे मिटलेले असतात तेव्हा पहिल्याला पिसांची खुंटं फुटलेली असतात, आणि चिरडलं जातं ते शेवटचं. दिवसातून एकदा मडक्यात डोकावून पाचही पिल्लांचे गळे भरलेले आहेत का ते बघायचं. आई माणसाचा वास लागला म्हणून पिल्लं टाकत नाही. या काळात मऊ खाणं, उकडलेलं अंडं, मोड, सगळं मुबलक. पाचेक आठवड्यांनी बजीची पिल्लं बाहेर पडतात, आणि पहिली बाहेर पडतात तोवर आईने मडक्यात पुढची अंडी घातलेलीही असतात. तिथे लक्ष हवं. दुसरा हप्ता झाला की मडकं खाली.

भावंडं पिंजऱ्यात एकत्र ठेवली तर तीच पुढे जोडी जमवतात. पिल्लू सातआठ दिवसांचं असताना पायात घालायची बंद रिंग घातली नाही, तर वर्षभराने कोण कुणाचं हे सांगता येत नाही.

पिल्लांचं पुढे काय, आणि कायदा काय म्हणतो

एका जोडीचे दोन हप्ते म्हणजे वर्षाला आठ-दहा पिल्लं. पहिली दोन मावशीकडे जातात, तिसरं शाळेतल्या मित्राकडे, आणि मग फोन उचलणं लोक टाळतात. उरलेली क्रॉफर्ड मार्केटच्या एखाद्या गाळ्यावर किंवा रविवारच्या बाजारात पोचतात. 'नाहीतर सोडून देऊ, पुण्य लागेल,' असंही कुणीतरी म्हणतं. पिवळाधमक बजी शिवाजी पार्कवर सोडला तर त्याला दाणा शोधता येत नाही, शिक्रा ओळखता येत नाही, आणि कावळ्यांना तो लांबून दिसतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) आपला हिरवा पोपट आणि मुनिया पाळणं, विकणं गुन्हा आहे, पिंजऱ्यात वाढवली तरी. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी जातीही कायद्याच्या कक्षेत आल्या. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला साइट्स म्हणतात, ज्या जातींची नोंद आहे त्यांची माहिती २०२४च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर द्यावी लागते. पक्षी घेतला, दिला, मेला, तसंच पिल्लू जन्मलं तरी. बजी, कॉकटेल आणि झेब्रा फिंच त्या यादीत नाहीत. लव्हबर्डमध्ये पीच-फेस नाही, पण फिशर आणि मास्क्ड आहेत. दोन्ही एकाच पिंजऱ्यात, एकाच नावाने विकले जातात. ओळख सोपी आहे: फिशर आणि मास्क्डच्या डोळ्याभोवती चष्म्यासारखं ठसठशीत पांढरं कडं असतं, पीच-फेसला नसतं. असं कडं असलेली जोडी घरात असेल तर मडकं टांगायच्या आधी नोंदणी झाली आहे ना ते बघा, कारण पहिलं पिल्लू फुटलं की त्याचीही नोंद करावी लागणार आहे.